संगतीचा ताळेबंद

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

दरवर्षी या अंकात आपण गुरुमहिमा, पारायणाचे अनुभव, क्षेत्रांची माहिती असं वाचत असतो. मंदिरातल्या मंडळींनी यंदा मलाही दोन शब्द लिहायला सांगितले. मी काही प्रवचनकार नव्हे. आयुष्य बँकेच्या काउंटरमागे जमा-खर्च लिहिण्यात गेलं. त्यामुळे जे सांगणार आहे ते हिशेबाच्याच भाषेत येईल, ते गोड मानून घ्यावं.

विषय आहे संगतीचा. माणसाचा स्वभाव त्याचे मित्र ठरवतो की मित्र त्याचा स्वभाव ठरवतात? आपण लहान मुलांना सांगतो, "संगत चांगली ठेव." पण साठी उलटलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. जणू आपला स्वभाव आता पक्का झाला, खातं बंद झालं! माझा अनुभव तसा नाही. हे खातं शेवटच्या श्वासापर्यंत चालू असतं.

आपल्या कोयनामाईकडे बघा. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. एकाच डोंगरावर जन्म. पण कृष्णा वाईकडे उतरली आणि कोयना डोंगरांच्या आडून दक्षिणेला निघाली. हेळवाकपाशी ती पूर्वेला वळते, पाटणवरून कऱ्हाडला जाते, आणि तिथे दोघी बहिणी समोरासमोर येऊन भेटतात. तोच आपला प्रीतिसंगम. पुढे कोयना हे नाव राहत नाही. पण तेच पाणी कृष्णेबरोबर औदुंबरला जातं, सांगलीवरून नृसिंहवाडीला जातं आणि दत्तमहाराजांच्या पादुकांना स्नान घालतं.

आता दुसरी बाजू. आपलं धरण १९६४ साली पुरं झालं. सुमारे १०५ टीएमसी पाणी शिवसागरात साठतं. त्यातला मोठा वाटा पूर्वेला जातच नाही. तो बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातो, पोफळीला वीज तयार करतो आणि वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून समुद्राला मिळतो. पाणी तेच, पाऊस तोच, तलाव तोच. एक थेंब वाडीला पोहोचतो, शेजारचा थेंब अरबी समुद्राला. पश्चिमेला गेलेलं पाणी वाईट असं मी म्हणत नाही, त्याच्यावर तर महाराष्ट्रातले दिवे लागतात. सांगायचं एवढंच की आपण कुठे पोहोचणार हे आपण कुणाबरोबर वाहतो यावर ठरतं.

पण मंडळी, माणूस म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पाण्याला दरवाजा निवडता येत नाही, आपल्याला येतो. आणि तो निवडताना आपला स्वभाव मध्ये येतो. इथेच दत्तसंप्रदाय आपल्याला वाट दाखवतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. तो निश्चिंत, आनंदी आहे. राजा विचारतो, हा आनंद तुम्हाला कुठून मिळाला? तेव्हा अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, कबुतर, अजगर, मधमाशी, टिटवी, बाण करणारा कारागीर. आपण ही यादी अनेकदा ऐकली आहे. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. या चोवीसांपैकी एकानेही अवधूताला शिकवायचं म्हणून काही शिकवलेलं नाही. कबुतर आपल्या पिलांच्या मोहात जाळ्यात सापडलं, ते काही शिकवायला बसलं नव्हतं. शिकलं अवधूताने. म्हणजे संगतीतून काय घ्यायचं हे घेणाऱ्याच्या मनावर आहे. ज्याचं मन घ्यायला तयार आहे त्याला अजगरसुद्धा गुरू होतो. ज्याचं तयार नाही त्याच्या समोर सख्खा मित्र हितं सांगत उभा राहिला तरी त्याला तो शत्रू वाटतो.

हे शेवटचं वाक्य पुस्तकातलं नाही. ते माझ्या स्वतःच्या खात्यातलं आहे.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. इथल्या जुन्या मंडळींना वेगळं सांगायला नको. सव्वाचारच्या पुढे कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेहून अधिक माणसं त्या भूकंपात गेली, घरं तर मोजायलाच नकोत. मार्गशीर्ष महिना होता, दत्तजयंती आठवड्याच्या आत आलेली होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा. वडील प्रकल्पावर कामाला. आमची खोली पडली आणि आम्ही उघड्यावर आलो. पुढे ताडपत्रीच्या आडोशाला शेजारच्या कुटुंबाबरोबर राहिलो. त्या घरात माझ्याच वयाचा मुलगा होता. थंडीत एका घोंगडीखाली आम्ही दोघं झोपायचो. जमीन जरा हलली की तो माझा हात धरायचा आणि म्हणायचा, "घाबरू नको, मी जागा आहे." खरं तर तोही घाबरलेलाच असायचा.

लहानपणीचे मित्र आपण निवडत नाही. शेजार निवडतो, शाळेचा बाक निवडतो. पण त्या वयात माती ओली असते, ठसा खोल उमटतो. माझ्यात पुढे जो काही धीर आला तो त्या घोंगडीखालचा आहे. तो स्पष्टवक्ता, मी भिडस्त. तो भांडायचा, मी मिटवायचो. दोघं मिळून एक पुरा माणूस व्हायचो म्हणा ना.

पुढे मी कऱ्हाडला बी.कॉम. झालो आणि १९८० साली बँकेत लागलो. तो इथेच प्रकल्पाच्या कामावर लागला. माझ्या बदल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत होत राहिल्या. नोकरीतले मित्र सोयीने जुळतात. एका गावी आमचा चार-पाच जणांचा रमीचा अड्डा जमला. माणसं वाईट नव्हती. सगळी संसारी, हसरी. पण शनिवारी दुपारी बँक सुटली की पत्ते, ते रविवारी रात्रीपर्यंत. पैसेही लागायचे, थोडेच. नुकसान पैशाचं नव्हतं. एकमेकांना "चालतंय की" म्हणायची सवय आम्हाला लागली होती. घरी गेलो नाही, चालतंय की. आईला पत्र टाकलं नाही, चालतंय की. ज्या संगतीत कुणीच कुणाला टोकत नाही ती संगत फार सुखाची वाटते. तिथे स्वभावाला गंज चढतो आणि आवाजही होत नाही.

आई तेव्हा कोयनानगरला, आजारी. १९९६ साली एका शनिवारी तो मित्र एस.टी.ने माझ्या गावी आला. बँक सुटायची वेळ. अड्ड्यातली मंडळी दारात उभी होती. सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "काकू दीड महिना तुझी वाट बघतायत. पत्त्यांतून उठ आणि चल." मला त्याचं म्हणणं ऐकूच आलं नाही, फक्त चारचौघांत झालेला अपमान ऐकू आला. मी म्हणालो, "माझ्या घरात लक्ष घालायचं तुला कारण नाही." तो काही न बोलता गेला. मी त्या दिवशीही गेलो नाही. पुढच्या आठवड्यात गेलो, पण त्याच्याशी बोललो नाही. वर्षभरात आई गेली. मी पोहोचलो तेव्हा सगळी तयारी त्याने करून ठेवली होती. खांदा द्यायला तो माझ्या शेजारी होता. तरीही मी त्याच्याशी बोललो नाही.

भक्तहो, हे छापायला मला संकोच वाटतो. पण ताळेबंदात फक्त जमेची बाजू दाखवली तर तो ताळेबंद खोटा.

चोवीस गुरूंमध्ये शेवटी एक कीटक येतो. कुंभारीण माशी त्याला मातीच्या घरात कोंडते. तो भीतीने सारखा तिचंच चिंतन करतो आणि शेवटी तिच्यासारखाच होऊन जातो. अवधूत म्हणतो, प्रेमाने असो, द्वेषाने असो की भीतीने, मन ज्याला धरून बसतं त्याचं रूप माणसाला येतं. आपण यातला प्रेमाचा भाग सांगतो, द्वेषाचा सोडून देतो. मी तेवीस वर्षं मनात त्या मित्राला धरून बसलो होतो, रागाने. "त्याने चारचौघांत माझा दोष काढला" हे रोज घोकत होतो. त्याचा परिणाम काय झाला? मीच घरीदारी सगळ्यांचे दोष काढणारा माणूस झालो. बायकोचा स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, हाताखालच्या लोकांची कामं. ज्या गोष्टीचा राग धरला तीच माझा स्वभाव झाली. अबोला धरला म्हणजे संगत सुटली असं समजू नका. ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याचीच संगत आपल्याला जास्त असते.

आता नाथमहाराजांची गोष्ट. एकनाथ लहान वयात देवगिरीला जनार्दनस्वामींकडे आले. जनार्दनस्वामी मोठे दत्तभक्त आणि गडाचे अधिकारी. त्यांनी एकनाथांना हिशेबाचं काम दिलं. एकदा एका पैची चूक लागेना. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग या संसाराची चूक सापडेल तेव्हा किती होईल? ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बँकेतल्या माणसाला ती जरा जास्तच लागते, कारण दिवसाअखेर एक रुपयाचा फरक आला तर आम्हीही रात्री नऊपर्यंत बसत होतो! पण माझ्या मते इथे पाहण्यासारखे दोघे आहेत. शाबासकी देऊन झोपी जाणं स्वामींना सोपं होतं. त्यांनी पुढची चूक दाखवली. आणि एकनाथांना त्याचा अपमान वाटला नाही. सांगणारा तसा आणि ऐकणारा असा, म्हणून ती संगत फळाला आली. पुढे याच एकनाथांनी भागवताच्या त्याच अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत पुरी केली. यदु-अवधूत संवाद आपल्या आजी-आजोबांच्या कानावर मराठीतून पडला तो त्या ग्रंथामुळे.

एका पैची चूक शोधायला मी रात्री जागलो. तेवीस वर्षांची चूक समोर पडली होती, तिकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही.

२०१८ साली निवृत्त होऊन मी कोयनानगरला परत आलो. तो इथेच होता. बाजारात समोरून दिसला की मी दुकानात शिरायचो किंवा रस्ता बदलायचो. साठीच्या माणसाने शाळकरी पोरासारखं लपायचं! पुढच्या वर्षी दत्तजयंती आली. तारीख पाहिली तर ११ डिसेंबर. भूकंपाची तारीख आणि दत्तजयंती एकाच दिवशी. तारखा पाहण्याची सवय जात नाही आमची. नेहमीप्रमाणे सकाळी वाडीला निघालो. कऱ्हाडला गाडी बदलायची होती. हातात वेळ होता म्हणून प्रीतिसंगमावर गेलो. यशवंतरावांच्या समाधीला हात जोडले आणि घाटावर बसलो. इकडून कोयना, तिकडून कृष्णा. समोरासमोर येतात, आता धडकणार असं वाटतं, आणि दोघी वळून एकत्र पुढे जातात. मनात आलं, कोयनेचं पाणी इथे येऊन कृष्णेला भेटतं तेव्हाच वाडीला पोहोचतं. ती म्हणाली असती की मी भेटणार नाही, मी एकटीच जाईन, तर? मी वाडीला जाऊन पादुकांवर डोकं ठेवणार, आणि माझ्या गावात एका माणसाला तोंड चुकवणार. महाराज काय म्हणतील?

मी वाडीची गाडी सोडली आणि पाटणमार्गे परत आलो. सरळ त्याच्या दारात गेलो. दार त्यानेच उघडलं. मी काय बोलायचं ते एस.टी.त पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना. एवढंच म्हणालो, "चुकलं माझं." तो क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "कुठं होतास लेका एवढे दिवस?"

गुरुचरित्र वाचणाऱ्यांच्या अंगावर आता काटा आला असेल, कारण माझ्याही आला. कुरवपूरच्या रजकाची कथा आपल्याला ठाऊक आहे. तो श्रीपाद श्रीवल्लभांची मनोभावे सेवा करायचा. एकदा नदीवर राजाचं वैभव पाहिलं आणि त्याच्या मनात इच्छा डोकावली. महाराजांनी ती ओळखली आणि पुढच्या जन्मी तो बिदरचा राजा झाला. वैभवात सगळं विसरला. मांडीला फोड आला, कशाने बरा होईना, तेव्हा शोधत शोधत तो श्रीनृसिंहसरस्वतींपुढे उभा राहिला. महाराजांनी त्याला राजा म्हणून हाक मारली नाही. जुन्या नात्याने विचारलं की इतके दिवस कुठे होतास. आणि त्याला सगळं आठवलं. आपण किती दूर गेलो होतो हे जो बोलून दाखवतो पण दार बंद करत नाही, तो खरा सोबती. गुरूंचं ते रूप आपल्याला अनेकदा साध्या माणसात भेटतं.

चहा झाला. मग तो जे म्हणाला ते मी कधी विसरणार नाही. "माझंही चुकलं. चारचौघांत बोलायला नको होतं. तुझ्यानंतर मी कुणालाच स्पष्ट बोललो नाही. वाटायचं, बोललं की माणूस तुटतं." म्हणजे पाहा, मी अबोला धरला आणि माझा स्वभाव बिघडला, तसा त्याचाही बदलला. तो मुका झाला. इतक्या वर्षांत त्याने ज्यांना सावध करायला हवं होतं त्यांना केलं नाही, त्याची एक ओळ माझ्याही नावे पडली. मैत्रीचा व्यवहार असा दुहेरी नोंदीचा असतो. एका खात्यात नोंद झाली की दुसऱ्यात होतेच.

त्या संध्याकाळी आपल्याच मंदिरात दत्तजन्माला आम्ही शेजारी बसलो. वाडीचं दर्शन चुकलं असं मला आजवर वाटलेलं नाही.

काही जण म्हणतील, अवधूताने तर कुमारिकेच्या बांगड्यांचा दाखला दिला आहे. पुष्कळ बांगड्या असल्या की आवाज होतो, दोन असल्या तरी घासतात, एकच राहिली की शांतता. मग या वयात एकटं राहिलेलंच बरं नाही का? मी यावर पुष्कळ विचार केला. तो उपदेश संन्याशाचा आहे. आपण संसारी. आणि खुद्द अवधूत तरी एकटेपणात तोंड मिटून बसला का? यदुराजाने विचारलं तेव्हा त्याने मन मोकळं केलंच. बांगड्यांचा आवाज म्हणजे कुचाळक्या, तुलना, "त्याच्या मुलाने बंगला बांधला" वगैरे. तो आवाज टाळावा. ज्याच्याशेजारी न बोलताही तासभर बसता येतं तो मित्र म्हणजे आवाज नव्हे. मी आणि तो आता रोज संध्याकाळी असेच बसतो. त्याला कमी ऐकू येतं, मला कमी दिसतं. ताडपत्रीखाली होतो तसे पुन्हा दोघं मिळून एक!

आपल्या वयात मित्रांची संख्या दरवर्षी कमी होत जाते. पारावरची एकेक जागा रिकामी होते. म्हणून चार गोष्टी सुचवतो, उपदेश म्हणून नव्हे, अनुभव म्हणून.

एक, जो आपल्याला टोकतो त्याला सांभाळा. गोड बोलणारे पुष्कळ मिळतात, चूक दाखवणारा आयुष्यात एखादाच. दोन, आपण टोकताना एकांतात टोकावं, चारचौघांत नाही. तीन, एखादी संगत खरोखर घातक असेल तर जरूर सोडावी, पण मनातूनही सोडावी. राग धरून सोडली तर ती सुटलेली नसते. त्या कीटकाची आठवण ठेवावी. चार, नवी माणसं जोडायला वय आड येत नाही. आपल्या पारायणाला येणाऱ्या एका तरुणाने मला मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकवलं. चाळीस-एक वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला! अवधूताला चोवीस गुरू, हा पंचविसावा म्हणून मी त्याला नमस्कार केला, तर तो लाजला.

आणि आपली नातवंडं बघत असतात. आजोबा कुणाबरोबर बसतात, कुणाशी बोलत नाहीत, हे त्यांना बरोबर कळतं. आपण त्यांना "संगत चांगली ठेव" असं सांगण्याआधी आपली संगत त्यांना दिसते.

येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्माची फुलं वाहण्याआधी प्रत्येकाने आपलं खातं एकदा उघडून बघावं. एखादी जुनी नोंद राहिली असेल. एखादं दार असेल जिथे आपण खूप वर्षांत गेलो नाही. माणूस हयात असेल तर आधी तिथे जावं, मग मंदिरात यावं. माणूस गेला असेल तर त्याच्या मुलाबाळांना भेटावं. महाराज वाट पाहतील. त्यांनी त्या रजकाचीही एक अख्खा जन्म वाट पाहिली होती.

॥ श्री गुरुदत्तात्रेयार्पणमस्तु ॥